डोळ्याकडचं कडं

१

मी पोचलो तेव्हा नुरदिनचा घोडा जिवंत होता. कारा-किया डोंगराच्या उतारावर, सैल दगडांत, तो कुशीवर पडला होता आणि पुढच्या पायांनी उठायची धडपड करत होता. बरगड्यांच्या मागं, डाव्या अंगाला, बोटभर भोक होतं. पंचवीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर आहे. पुढं काय करायचं ते मला बघताक्षणी कळलं, पण आधी मालकाकडं जायला हवं होतं.

नुरदिन, या खोऱ्याचा मुख्य वनरक्षक, आणखी चाळीस पावलं खाली होता. ज्या मेंढपाळाला तो सापडला, त्यानं आपला कोट त्याच्या अंगावर घातला होता. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. मांडीचं हाड मोडलेलं, कपाळावर खोक. तो सातला छावणीतून निघाला होता आणि आता नऊ वाजले होते, म्हणजे तो तिथं दीड-दोन तास तरी पडून असणार.

दोर हवा होता. ओढ्यापलीकडून जोल्दोश येताना दिसला, नुरदिनच्या हाताखालचा वनरक्षक. मी माझी लाल टोपी काढून हलवली. तो सरळ माझ्याकडं बघत होता, तरी वळून खालच्या वाटेला लागला. मी ओरडलो तेव्हा मात्र धावत आला, पाण्यातून, बूट न काढता. धक्का बसला असेल बिचाऱ्याला, असं मला वाटलं.

जाड लोकरी नमद्याची झोळी करून आम्ही नुरदिनला वर काढलं. शिकारी छावणीचा मालक मेदेत त्याला आपल्या गाडीतून जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेला. मग मी माघारी येऊन घोड्याला वेदनेतून मोकळं केलं आणि चाकू लावून गोळी काढली.

ती पुसून उजेडात धरली. तसली तांबूस टोकाची गोळी मी कालच पाहिली होती. तसल्या गोळ्यांची पेटी या अख्ख्या खोऱ्यात एकच होती, आणि ती माझ्याच गाडीतून आली होती.

२

पेटी झूरा एजेची होती. एजे म्हणजे ताई. नारिन गावात ती माझ्या शेजारी राहते आणि तिच्याहून मोठी माणसंसुद्धा तिला एजेच म्हणतात. अठ्ठावन्न वर्षांची आहे. तरुणपणी देशाच्या संघातून नेमबाजी केली, मग पोरींना शिकवलं. आता आमचा नेमबाजी क्लब तिच्या शब्दाशिवाय साधं काडतूसही घेत नाही.

क्लबला बंदुकीवर लावायला अशी एक दुर्बीण हवी होती, की जी उन्हाळ्यात कागदावरच्या निशाणाला चालेल आणि शरदात डोंगरातल्या शिकारीलाही. पट बदलता येणारी, म्हणजे चारपासून सोळा पटींपर्यंत मोठं दाखवणारी. तसली एक पारखायला आणली होती, आणि एजेला ती डोंगरातच पारखायची होती. मला मेदेतच्या छावणीतले घोडे तपासायचे होते, म्हणून ती माझ्याबरोबर आली.

गुरुवारचा सगळा दिवस ती त्या दुर्बिणीच्या मागं लागली होती. छावणीच्या बंदुकीवर बसवून शंभर मीटरवर गोळ्या घातल्या. चार पटीवर पाच, सोळा पटीवर पाच, परत चारवर पाच, पट बदलली की गोळी जागा सोडते का ते बघायला. मग वरची गुंडी आणि बाजूची गुंडी फिरवून कागदावर गोळ्यांचा चौकोन काढला. शेवटची गोळी पहिल्या भोकात परत आली तेव्हा ती जराशी हसली. प्रत्येक गोष्ट वहीत. डोळ्याकडच्या कड्याबद्दल तिनं लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं होतं: फार कडक, चिमटीत धरून जोर लावल्याशिवाय फिरत नाही. दोष.

दुपारी तिनं इतरांना बोलावलं. माझ्या एकटीच्या डोळ्याला पटून उपयोग नाही, म्हणाली. आधी तिनं सगळ्यांना दुर्बीण समजावून सांगितली. हे कडं पटीचं. ही गुंडी अंतराची. आणि हे मागचं कडं ज्याच्या त्याच्या डोळ्याच्या नंबरासाठी. चष्मा असणारा चष्मा न लावताही यातून स्वच्छ बघू शकतो. आत्ता ते माझ्या डोळ्याला लावलंय, शून्यावर, त्याला कोणी हात लावू नका.

तिघांनी पाच-पाच गोळ्या मारल्या. एसेन आके, म्हणजे एसेनदादा, छावणीचे वाटाडे, वय चौसष्ट. त्यांची पाचही भोकं तळहाताखाली झाकली जातील अशी. मेदेत, बाटलीच्या बुडासारखा चष्मा लावून, त्याचीही बरी. जोल्दोशची मात्र कागदभर पसरली, एक तर कागदाबाहेरच गेली. सगळे हसले. तोही हसला. नुरदिन तेवढा बाजूला उभा होता, तो हसला नाही.

संध्याकाळी जेवताना एसेन आके आणि नुरदिनची जुंपली. सप्टेंबरात एका पाहुण्या शिकाऱ्यानं म्हातारा एडका समजून रानमेंढी मारली होती. गळ्यात मोजणीचा पट्टा असलेली, मारायला बंदी असलेली मादी. एसेन आकेंनी ती दाखवली, असा अहवाल नुरदिननं लिहिला होता, आणि आता आकेंचा परवाना जायच्या बेतात होता. तीस वर्षं मी या डोंगरात माणसं फिरवली, तुझ्या बापालाही फिरवलं, असं म्हणत आके उठून उभे राहिले. नुरदिन एवढंच म्हणाला, "उद्या मी गावात जातोय. आलो की बोलू."

बंदूक आणि काडतुसं एजेनं थंड कोठीतल्या लोखंडी पेटीत ठेवली. रात्रभर गारठल्यावर दुर्बीण कशी वागते, तेही तिला बघायचं होतं. पेटीची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला असते. हे सगळ्यांना माहीत होतं.

३

दुपारी कॅप्टन ओरोझ आला. तासाभरात त्यानं एसेन आकेंना एका खोलीत बसवून बाहेर शिपाई उभा केला.

त्याचं म्हणणं सरळ होतं. गोळी छावणीवरच्या टेकाडावरून आली, अंतर तीनशे मीटर. चालता घोडा, पहिलीच गोळी. सकाळी सात वाजता तिघंही एकेकटे होते: आके सुटलेले घोडे शोधायला गेलेले, मेदेत आपल्या खोलीत, जोल्दोश वरच्या बाजूला जनावरांसाठी मीठ ठेवायला. यातला जोल्दोश काल शंभरावर कागद चुकला. मेदेतचं नुरदिनशी काही वाकडं नाही. उरले आके, ते तर आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर भांडले होते आणि स्वयंपाकघरात, किल्लीपासून दोन हातांवर झोपले होते.

एजेनं ऐकून घेतलं आणि बंदूक मागितली. कॅप्टननं आपल्यासमोर बघायला दिली. एजेनं वही उघडली. पट दहावर, काल ठेवली तशीच. वरची गुंडी शून्यावर. अंतराची गुंडी शंभरावर. काडतुसांच्या पेटीत एक कमी. नळीला ताज्या दारूचा वास.

मग तिनं बंदूक पलीकडच्या डोंगराकडं रोखून डोळा लावला आणि तशीच थांबली. डोळा चोळला, परत लावला. म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही बघा."

मी बघितलं. सगळं धूसर. आतली फुलीसुद्धा विरघळल्यासारखी.

थंडीनं काचेवर वाफ धरली असेल, असं कॅप्टन म्हणाला. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगायचं तर एजेबद्दल वाईट वाटलं. दिवसभराची मेहनत, आणि वस्तू पहिल्याच गारठ्यात निकामी. पण ती दोष लिहायला तयार नव्हती. काचा पुसल्या. उन्हात धरून बघितल्या. शेवटी मागच्या कड्याला अंगठा लावून तिनं आकडा वाचला.

"मायनस अडीच," ती म्हणाली. "काल मी हे शून्यावर ठेवलं होतं."

चिमटीत जोर लावून तिनं ते शून्यावर आणलं. मी परत डोळा लावला. पलीकडच्या डोंगरावरचं एक-एक झुडूप मोजता आलं असतं.

४

कॅप्टनला त्यात काही विशेष दिसलं नाही. धक्का लागून फिरलं असेल, म्हणाला. एजेनं वहीतली कालची ओळ त्याच्यापुढं धरली आणि कडं फिरवून बघायला सांगितलं. त्यानं हातमोज्यानं प्रयत्न केला. फिरेना. मग हातमोजा काढून जोर लावला तेव्हा फिरलं, आणि त्यानं एजेला उद्या सकाळपर्यंत वेळ दिला.

ती आधी एसेन आकेंकडं गेली. मी बरोबर होतो. आके खाटेवर बसले होते, समोर चहा गार झालेला. एजेनं गोळीचं नाव काढलं नाही. त्या मेंढीच्या वेळी तुम्ही कुठं होतात, एवढंच विचारलं. आके म्हणाले, घळीत, घोड्यांपाशी. मेंढी मेल्यावरच मी तिला बघितलं. हे नुरदिनला दहा वेळा सांगितलं होतं, पण जोल्दोशनं तुमचंच नाव सांगितलंय, तो कशाला खोटं बोलेल, असं नुरदिन म्हणायचा. मग आकेंनी गार चहा बाजूला सारला. काल मात्र तो तसं काही म्हणाला नाही, असं हळूच म्हणाले. जणू त्यांना ते आत्ताच जाणवलं होतं.

मेदेत संध्याकाळी इस्पितळातून परतला. नुरदिन शुद्धीवर नव्हता. एजेनं मेदेतला हातपाय धुवू दिले, खाऊ दिलं आणि मग समोर बसली. मेंढीचं विचारल्यावर त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिला. शेवटी म्हणाला, की पाहुण्याशेजारी जोल्दोश झोपला होता. चारशे पावलांवर कळप होता. म्हातारा एडका आहे, मार, असं जोल्दोशच म्हणाला.

"मग इतके दिवस गप्प का बसलास?"

"मला कोणी विचारलं नाही, एजे." आणि थोड्या वेळानं, "वनरक्षकाशी वाकडं घेऊन छावणी चालत नाही."

जोल्दोश ओढ्याकाठी बसला होता. अडतीस वर्षांचा माणूस, बाप याच खोऱ्यात वनरक्षक होता. तो आधी माझ्याकडं बघत राहिला, मी बोललो तेव्हा नावानं हाक मारली. एजेनं त्याला घोड्याबद्दल विचारलं. तो घोडा शिंगरू असताना आपणच नुरदिनला निवडून दिला होता, असं तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते नाटक नव्हतं. मी शपथेवर सांगेन. एजेनं विचारलंच नसताना तो शेवटी म्हणाला, "माझा कागद तर तुम्ही पाहिलाच की."

"पाहिला," एजे म्हणाली. "नीट पाहिला."

खोलीकडं परत येताना ती भराभर पुढं चालली. दारात मात्र थांबली. कड्याचं काम मीच त्यांना शिकवलं, डॉक्टर, असं म्हणाली आणि आत गेली.

५

शनिवारी सकाळी अंगणात टेबल मांडलं. बंदूक वाळूच्या पिशव्यांवर, नळी पांढऱ्या आभाळाकडं, गोळी ढकलणारा बोल्ट काढून कॅप्टनच्या खिशात. मागच्या कड्यावरच्या आकड्यांवर एजेनं काळी चिकटपट्टी लावली होती. खालच्या बाजूला सुईएवढी फट ठेवलेली, ती फक्त तिला दिसेल अशी.

अहवालाचा एक रकाना राहिलाय, तिनं सांगितलं. प्रत्येकानं तीनदा यायचं. डोळा लावायचा, कडं फिरवायचं आणि फुली अगदी काळीकुळकुळीत, धारदार दिसली की थांबायचं. दर वेळी ती आधी कडं कुठंतरी भलतीकडंच फिरवून ठेवत होती.

आके आले. शून्याच्या जरा पलीकडं, अधिकाच्या बाजूला. तिन्ही वेळा तिथंच. मेदेत चष्मा लावून आला. शून्य. मग एजेनं त्याला चष्मा काढायला लावला. त्यानं कडं फिरवत फिरवत शेवटपर्यंत नेलं, आणि अजून धूसरच आहे, पुढं जात नाही, असं म्हणाला.

जोल्दोश उभाच राहिला. मी नेमबाज नाही, माझं कशाला, म्हणाला. कॅप्टननं त्याच्याकडं मान वळवली. तेव्हा तो येऊन बसला.

पहिल्या वेळी त्यानं कडं थोडंसं फिरवून सोडलं. एजे म्हणाली, नीट कर, जोल्दोश, रकाना तुझ्या नावाचा आहे. त्यानं परत फिरवलं. त्याचा चेहरा मला दिसत होता. कपाळावरची आठी हळूहळू गेली आणि तोंड किंचित उघडलं. मी पैजेवर सांगतो, त्या क्षणी तो सगळं विसरला होता, फक्त बघत होता.

एजेनं फटीत डोळा घालून आकडा लिहिला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग वही कॅप्टनकडं सरकवली.

अडीच. सव्वादोन. अडीच. तिन्ही मायनस.

६

मग एजे बोलली, आणि आवाज न चढवता बोलली.

"ज्यानं गोळी मारली त्यानं कडं मायनस अडीचवर नेलं, कारण त्याशिवाय त्याला दिसत नव्हतं. आके नव्हेत, त्यांना तिथं धूसर दिसतं. मेदेतही नाही. चष्मा लावून त्याला कडं हलवायची गरज नाही, आणि चष्म्याविना अडीच त्याला पुरत नाही. गोळी मारल्यावर त्या माणसानं पट दहावर आणली, गुंड्या जागेवर नेल्या. मी ते आकडे लिहिताना त्यानं बघितलं होतं. मागचं कडं तेवढं विसरला. का विसरला? डोळा लावला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. त्याच्या लेखी ते बरोबरच होतं."

कॅप्टन म्हणाला, की डोळ्याचा नंबर हा काही गुन्हा नाही, अडीचवाले पुष्कळ असतात.

"छावणीत त्या सकाळी एकच होता," एजे म्हणाली. "गुरुवारी त्याच्या गोळ्या का पसरल्या, तेही यावरूनच कळतं. हात वाईट नव्हता, दिसत नव्हतं. आणि चारशे पावलांवरचा एडका मेंढी निघाला, तोही त्यापायीच." ती जोल्दोशकडं वळली. "नुरदिनला हे कधी कळलं?"

जोल्दोशनं बंदूक हळूच बाजूला सरकवली. मग सांगायला लागला. त्याचं बहुतेक सांगणं मी माझ्या शब्दांत देतो.

सहा-सात वर्षं झाली डोळे अधू होऊन. घोड्यांच्या चालीवरून आणि आवाजावरून तो माणसं ओळखायचा. दरवर्षी तपासणी व्हायची; पण तीच पाटी, तीच अक्षरं. श, ब, म, न, क. वरपासून खालपर्यंत तोंडपाठ. चष्म्याचा वनरक्षक ठेवत नाहीत, असं बाप म्हणायचा, आणि तेच त्याच्या डोक्यात बसलं. मेंढी मेली तेव्हा भीतीनं आकेंचं नाव तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर परत घेता येईना. गुरुवारी त्याचा कागद बघून नुरदिननं त्याला बाजूला घेतलं. तू स्वतः जाऊन सांग, म्हणाला. जोल्दोश गप्प राहिला. मग नुरदिन म्हणाला, उद्या मी जातो.

"मी घोड्यावर नेम धरला होता," जोल्दोश म्हणाला. "नुरदिनवर नाही. तो थांबावा, एवढंच हवं होतं. एक दिवस. मग मी स्वतः गेलो असतो."

"माहीत आहे," एजे म्हणाली. "माणसावर धरला असतास तर घोड्याला काही झालं नसतं. पण दीड-दोन तास तो दगडांत पडला होता, जोल्दोश. टेकाडावरून तुला तो दिसत होता का?"

"नाही. दुर्बीण काढली की काही दिसत नाही. मला वाटलं, उठून चालत गेला असेल."

"मग जाऊन बघायचं."

कॅप्टननं शिपायाला हाक मारली आणि आकेंच्या खोलीचं दार उघडायला सांगितलं. आके अंगणातच आमच्यामागं उभे आहेत, हे तो विसरला होता. आके स्वयंपाकघरात गेले. त्यांनी टेबलावरची नान रोट्यांची चवड उचलली, दोन नान फडक्यात बांधले आणि बाहेर येऊन ते बोचकं जोल्दोशच्या हातात दिलं. गावापर्यंत चार तासांचा रस्ता आहे.

एजेनं त्या दिवशी उरलेली परीक्षा पुरी केली. मी म्हटलं, राहू दे आता. तिनं ऐकलं नाही. तिन्हीसांजेला चार पटीवर आणि सोळा पटीवर किती दिसतं, ते अंधार पडेपर्यंत लिहीत बसली. दुर्बीण दोन्ही कामांना योग्य, असा निकाल दिला. कडं कडक, हा दोष तिनं खोडला नाही; गारठलेल्या बोटांना त्रास होतो तो होतोच, म्हणाली.

नुरदिन पाचव्या दिवशी शुद्धीवर आला. पहिला प्रश्न घोड्याचा. त्याचं उत्तर मलाच द्यावं लागलं. जोल्दोशचं कळल्यावर तो दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. आकेंच्या परवान्याचा कागद मात्र त्यानं खाटेवरच सही करून पाठवला.

जानेवारीत कुबड्यांवर चालता यायला लागलं तसं त्यानं मला गाडी काढायला सांगितली. नारिनच्या कोठडीत जायचं होतं. त्याच्या बायकोनं दोघांनाही झापलं, पण गरम सामोशांची पिशवी बरोबर दिली. वाटेत मी विचारलं, काय बोलणार आहेस? तो म्हणाला, माहीत नाही.

भेटीची खोली लांबलचक होती, दार एका टोकाला आणि टेबल दुसऱ्या. जोल्दोश टेबलापाशी बसला होता. तिथल्या डॉक्टरनं त्याला चष्मा दिला होता, जाड काळ्या काडीचा, नाकावर नीट बसत नव्हता. नुरदिन दारातच कुबडी सावरत थांबला. अजून एक शब्द बोलला नव्हता, एक पाऊलही टाकलं नव्हतं.

जोल्दोशनं मान वर केली. तेवढ्या अंतरावरून त्यानं त्याला ओळखलं. चेहरा, कपाळावरचा व्रण, कुबड्या, सगळं. तो उठून उभा राहिला, आणि चष्मा काढून हातात धरला.

"लाव तो," नुरदिन म्हणाला. "लाव, आणि नीट बघ माझ्याकडं."

जोल्दोशनं चष्मा लावला. मग नुरदिन कुबड्या टेकत, सावकाश, त्याच्याकडं चालायला लागला.